नकुशी हजर आहे

शाळेची घंटा होते, प्रार्थना संपते, पोरं ओळीनं वर्गात येऊन बसतात आणि बाई हजेरीचा पट उघडतात. एकेक नाव पुकारलं जातं. मध्येच बाईंचा आवाज येतो, ‘नकुशी?’ मागच्या रांगेतून उत्तर येतं, ‘हजर, बाई.’ सातारा जिल्ह्यातल्या अनेक शाळांमध्ये वर्षानुवर्षं सकाळ अशी उजाडली. घराला नको असलेली मुलगी हजर आहे, हे ती मुलगी स्वतःच्याच तोंडानं सगळ्या वर्गासमोर रोज सांगत होती. कुठं ती नकुशी होती, कुठं नकुसा, कुठं नकोशी. अर्थ एकच.

22 ऑक्टोबर 2011 हा शनिवार होता. त्या दिवशी साताऱ्यात अशा मुली आपापल्या गावांहून आल्या होत्या. अंगावर ठेवणीतले कपडे, केसांत रिबिनी आणि पिना. बातम्यांमध्ये 285 हा आकडा आला. प्रत्येकीच्या हातात फुलांचा छोटा गुच्छ आणि एक प्रमाणपत्र पडलं. त्या प्रमाणपत्रावर तिचं नवं नाव होतं. जिल्ह्याचे त्या वेळचे आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकारानं हे घडलं. मुलींच्या जन्माचं स्वागत व्हावं म्हणून झटणाऱ्या नगरच्या डॉ. सुधा कांकरिया यांनीही या नावाविरुद्ध जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. आजोबांनी नकुसा नाव ठेवलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीनं निवडलेल्या नावाच्या मुळाशी ‘अश्म’ होता. अश्म म्हणजे दगड, खडक. आता शाळेत मैत्रिणी आपल्याला या नव्या नावानं हाक मारतील याचा फार आनंद होतोय, असं तिनं पत्रकारांना सांगितलं.

तिच्या आनंदाचं कारण नीट ऐकण्यासारखं आहे. आपल्याला आता आपण आवडू लागलो, असं ती म्हणाली नाही. मैत्रिणी हाक मारतील, असं म्हणाली. स्वतःला स्वीकारावं कसं, स्वतःशी भांडण न ठेवता जगावं कसं, याविषयी आज पुस्तकांत, भाषणांत आणि मोबाइलवरच्या दीड मिनिटांच्या चित्रफितींत अखंड सांगितलं जातं. त्या सगळ्यांत जी गोष्ट सुटते, ती या मुलीला पंधराव्या वर्षी कळलेली होती. माणसाचं स्वतःशी असलेलं नातं दुसऱ्याच्या तोंडून सुरू होतं. आपण कोण आहोत हे तान्हं बाळ आरशात पाहून शिकत नाही. त्याला हाक कशी मारली जाते, त्यावरून शिकतं.

मराठी घरांत ही पहिली हाक ठरवून, सोहळा करून दिली जाते. बाराव्या दिवशी बारसं होतं. पाळणा सजतो, आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, ‘कुर्रर्र’ म्हणते, आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. घुगऱ्या वाटल्या जातात. पहिली मुलगी झाली तर ‘पहिली बेटी धनाची पेटी’ असं म्हणून हे सगळं होतंही. दुसरीच्या वेळी आवाज जरा खाली येतो. तिसरी झाली की कित्येक घरांत पाळणा सजतच नाही, घुगऱ्या शिजत नाहीत. कुणीतरी म्हणतं, आता पुरे, हिचं नाव नकुशी ठेवा म्हणजे पाठीवर मुलगा येईल. आणि आई, जी बारा दिवसांची ओली बाळंतीण असते, ती काही बोलत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि त्याला उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे ओबडधोबड नावं ठेवायची जुनीच रीत आहे, मग नकुशीचंच एवढं काय, असं म्हटलं जातं. रीत खरी आहे. मुलं जगत नसत तेव्हा घरात दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा, भिकाजी जन्माला येत. पोराला दृष्ट लागू नये, मृत्यूनं त्याच्याकडे दगड समजून पाठ फिरवावी, यासाठी ही नावं होती. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं. 1958 साली भारतरत्न मिळालेल्या या माणसाच्या नावात कुणाला कधी अपमान दिसला नाही. मुलींनाही अशी नावं मिळाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके मराठवाड्याला ठाऊक आहेत. म्हणजे प्रश्न नावाच्या खडबडीतपणाचा नाहीच. धोंडू हे नाव म्हणजे जीव मुठीत धरून केलेली राखण होती. लेकरू इतकं हवं होतं की ते लपवून ठेवायचं होतं. नकुशी या नावात मुलीसाठी काहीच नाही. तो पुढच्या बाळासाठी देवाला धाडलेला निरोप आहे, आणि निरोप्याचं काम त्या मुलीनं जन्मभर करायचं आहे. धोंडू मोठा होऊन विचारतो, माझं नाव असं का? आई सांगते, तू जगावास म्हणून. नकुशीनं हाच प्रश्न विचारला तर आईला जमिनीकडे बघावं लागतं.

ही रीत एकट्या साताऱ्याची नाही. हरियाणात मुलींची नावं ‘भतेरी’ ठेवली गेली, म्हणजे पुष्कळ झाल्या. चीनमध्ये ‘चाओदी’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. त्याचा अर्थ धाकट्या भावाला बोलावून आण. इतक्या दूरच्या मुलखांत, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या घरांनी, मुलीला हेच एक काम नेमून दिलं.

साताऱ्याच्या बाबतीत मन जास्त दुखतं, कारण हा जिल्हा कुणाचा आहे ते महाराष्ट्राला माहीत आहे. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला तो खंडाळा तालुक्यातल्या नायगावात. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था सुरू केली ती कराडजवळच्या काल्यात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं घर साताऱ्यात. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या जिल्ह्यात, मुलीला नको म्हटलं की पोटी मुलगा येतो ही समजूत हजेरीपटावर शाईनं लिहिली जात होती.

आणि शिक्षणानं, पैशानं हे आपोआप सुटलं असंही नाही. कृष्णाकाठचा हा पट्टा उसाचा, साखर कारखान्यांचा, दूध संघांचा. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं राज्यात 913 मुली होत्या. साताऱ्यात 878. सांगलीत 851. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 सालीच केला होता, देशाचा कायदा 1994 चा. तरीही हे आकडे होते. 2011 पर्यंत राज्याचा आकडा आणखी घसरून 894 वर आला. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये गर्भपाताच्या वेळी एका बाईचा मृत्यू झाला, आणि त्या तपासातून मार्च 2017 मध्ये ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. सोनोग्राफीचं यंत्र गावोगाव पोचण्याआधी ज्या घरात नकुशी हे नाव ठेवलं जाई, तशाच घराला पुढं यंत्राची वाट सापडली. नकुशी निदान जन्मली तरी. हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो, पण हिशेब तसाच आहे.

आता ज्या मुलीच्या नावातच नकार आहे, तिला कुणी ‘स्वतःवर प्रेम करायला शीक’ असं सांगितलं तर? सल्ला वाईट नाही. तो देणाऱ्याला वाटतं की माणूस आणि त्याचं मन अशा दोघांचाच हा मामला आहे. आरशासमोर उभं राहावं, चांगलं बोलावं, जुनं विसरावं. जमलं नाही तर दोष परत त्याच माणसाचा: याला स्वतःला स्वीकारताच येत नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस मराठी वाचकांना परका नाही. कि. मो. फडके यांनी त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती भारतात आणली, रुजवली, तिच्यावर मराठीत लिहिलं. पुढं अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीनं त्याचं आयुष्य घराघरांत नेलं. एलिसचं सांगणं असं की माणसानं स्वतःला गुण देण्याचा खटाटोपच सोडावा. आपली एखादी कृती चांगली की वाईट हे जोखावं, पण अख्ख्या स्वतःवर पास किंवा नापासचा शिक्का मारू नये. स्वतःचा बिनशर्त स्वीकार म्हणतात तो हा. त्याच्या विचारातली आणखी एक गोष्ट मात्र चित्रफितींमध्ये गळून जाते. स्वतःच्या बिनशर्त स्वीकाराच्या शेजारी त्यानं दुसऱ्याचा बिनशर्त स्वीकारही तितक्याच आग्रहानं मांडला होता. त्याला दोन्ही एकत्र हवे होते. आपण पहिलं उचललं, कारण ते ज्याचं त्यानं करायचं असतं. दुसरं आपल्याला करावं लागलं असतं.

मराठी भाषेनं हे भान फार आधी नोंदवून ठेवलंय. ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं करणं आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे दोष काढणं. एका अनुस्वाराचं अंतर. नकुशीच्या बाबतीत ते अंतरही उरलं नाही. तिच्या बारशातच तिला नावं ठेवली गेली.

साताऱ्याच्या एका शाळेच्या दप्तरात आणखी एक नाव आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. रजिस्टरातला क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या मुलाच्या साताऱ्यातल्या आठवणी त्यानं मोठेपणी स्वतः लिहून ठेवल्यात. वर्गात त्याला इतरांपासून वेगळं बसावं लागे, बसायचं गोणपाट घरून न्यावं लागे आणि संध्याकाळी परत आणावं लागे. शाळेचा शिपाई नळ सोडायला नसेल तर पाणी नाही. न्हावी केस कापायला तयार नसत म्हणून थोरली बहीण घरीच भावाचे केस कापी.

या आठवणीत त्या बहिणीची जागा फार मोठी आहे. बाहेरच्या जगानं हात लावायला नकार दिलेलं डोकं ती मांडीशी घेऊन बसत होती. शाळेच्या पटावर त्याचं नाव होतं, वर्गात जागा मात्र गोणपाटाएवढी होती, आणि घरी एक माणूस होतं ज्याला त्या डोक्याचा विटाळ होत नव्हता. पुढं या मुलानं मन शांत करण्याचे उपाय शोधले नाहीत. पाण्याचा, मंदिराचा, मताचा हक्क मागितला, आणि शेवटी 1956 साली लाखोंसह धर्मही बदलला. ज्यांना जन्मानं हीन ठरवलं होतं त्यांच्या मनातला कमीपणा घालवायचा तर बाहेरची व्यवस्था हलवावी लागते, हे आंबेडकरांनी स्वतः भोगून ओळखलं होतं. आत्मसन्मान हा शब्द महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत पोचला तो या मार्गानं, आणि नुसता पोचला नाही, त्यानं माणसांच्या चालण्याबोलण्यात फरक पाडला.

म्हणूनच 2011 च्या त्या शनिवारचं मोल मोठं वाटतं. त्यावर तेव्हा टीकाही झाली. नावं बदलून काय होणार, असं लोक म्हणाले. पुष्कळ काही झालं. पहिली गोष्ट, नवं नाव मुलींनी स्वतः निवडलं. जिच्या आयुष्यातला सर्वांत पहिला निर्णय दुसऱ्यानं आणि तोही तिच्याविरुद्ध घेतला, तिला तोच निर्णय परत हातात मिळाला. दुसरी गोष्ट, तो सरकारी कागदावर झाला. खासगीत मायेनं कुणी पिंकी म्हटलं असतं तरी हजेरीपट बदलला नसता. तिसरी गोष्ट कदाचित सर्वांत महत्त्वाची: एक अख्खा जिल्हा, त्याचे अधिकारी, शिक्षक, आरोग्यसेविका, या मुलींसमोर उभे राहिले आणि चूक तुमची नव्हती, आमची होती, हे त्या कागदातून कबूल करून गेले. मुलींना समुपदेशन करून ‘आहे त्या नावाचा अभिमान बाळगा’ असं शिकवण्याचा सोपा रस्ता जिल्ह्यानं धरला नाही.

पुरं मात्र झालं नाही. प्रमाणपत्र घेऊन मुलगी संध्याकाळी एसटीनं गावी परतते, आणि ओट्यावरून आजी हाक मारते ती जुन्याच नावानं. जीभ सवयीची असते. शाळेत बाई नवं नाव घेतात, पोरं चिडवायला जुनं काढतात. कागदांचं तर विचारूच नये. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्मदाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज. शाळा सुटल्यावर दाखल्यातलं नाव बदलणं तर फारच अवघड. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात जाहिरात द्या, शुल्क भरा. दोन कागदांवर दोन नावं असली की शिष्यवृत्ती अडते, नोकरीत प्रश्न विचारले जातात, आणि त्या प्रश्नांना उत्तर देताना तिला पुन्हा एकदा परक्या माणसासमोर सांगावं लागतं की मी आधी नकुशी होते.

कित्येकींना नवं नाव मिळालं ते लग्नात. ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं लिहिलेलं. मुलीचं जन्मापासूनचं नाव एका दिवसात पुसून टाकणारी ही प्रथा एरवी मुळीच बरी नाही. तीच प्रथा एखाद्या मुलीला सुटकेसारखी वाटावी, यावरून माहेरानं तिला काय दिलं होतं ते समजतं. आणि तरी तिथंही निवड तिची नसतेच. एका घरानं नको म्हटलं, दुसऱ्या घरानं आपल्याला हवं ते नाव घातलं.

मग नाव बदलणं हाच एक मार्ग आहे का? एखादीनं म्हटलं की मी हेच नाव ठेवणार, याच नावानं शिकणार, अधिकारी होणार, आणि दारावर पाटी लावणार, तर? त्या निर्णयाची किंमत ओळखायची असेल तर साताऱ्याहून कृष्णेच्या काठाकाठानं खाली सांगलीला यावं लागतं.

सांगलीत 1992 साली मीना सेशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ या संस्थेतर्फे एचआयव्हीविरुद्ध काम सुरू केलं. धंदा करणाऱ्या बायकांनीच वस्तीतल्या इतर बायकांना कंडोम द्यायचे, माहिती द्यायची, दवाखान्यात सोबत जायचं, अशी कामाची रीत होती. त्यातून 1996 मध्ये या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. नावातला पहिलाच शब्द बघा. ज्या शब्दानं रस्त्यात, पोलीस चौकीत, दवाखान्याच्या रांगेत, मुलांच्या शाळेत त्यांना खाली मान घालायला लावली जात होती, तो त्यांनी स्वतःहून उचलला आणि फलकावर सर्वांत पुढं लावला. सौम्य पर्याय होते. पीडित, दुर्दैवी, पतित, असे दयेचे शब्द तर समाजानं त्यांच्यासाठी कधीचे तयार ठेवलेत. त्यांना दया नको होती. आमची ‘सुटका’ करायला येणाऱ्यांपासून आधी आमची सुटका करा, असं त्या जाहीरपणे म्हणत आल्या. कारण सुटकेच्या नावाखाली छापा पडतो, सज्ञान बाईलाही गाडीत घालून सुधारगृहात नेतात, आणि मागं तिची मुलं आणि तिची पुंजी उघड्यावर पडते.

या व्यवसायाबद्दल वाचकांची मतं वेगवेगळी असतील, असावीत. अल्पवयीन मुलींना त्यात ढकलणं हा गुन्हाच आहे आणि त्याविरुद्ध ही संघटनाही उभी आहे. इथं मुद्दा वेगळा आहे. या बायकांनी समाजाची परवानगी येईपर्यंत स्वतःला नाकारत बसायचं नाही असं ठरवलं. एकेकीला एकटीनं हे जमलं नसतं. शेजारी बसून ‘मी पण’ म्हणणाऱ्या पाच-पंचवीस जणी मिळाल्या तेव्हा तो शब्द उच्चारण्याइतकं बळ आलं. त्यांच्याच सोबतीनं सांगलीत तृतीयपंथी आणि धंदा करणाऱ्या पुरुषांची ‘मुस्कान’ ही संघटनाही उभी राहिली. पुढं न्यायालयांनीही या दिशेला पावलं टाकली. आपलं लिंग कोणतं ते सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला, असं सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या निकालात मान्य केलं. 19 मे 2022 च्या आदेशात, सज्ञान आणि स्वेच्छेनं हा व्यवसाय करणाऱ्या बाईलाही सन्मानानं जगण्याचा घटनात्मक हक्क आहे, तिला पोलिसांनी छळू नये, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून तिचं आधार कार्ड अडू नये, असं बजावलं.

साताऱ्यातल्या मुलींनी अपमानाचा शब्द टाकून दिला, सांगलीतल्या बायकांनी तो उचलून धरला. वरवर पाहता उलट्या दिशा. पण दोन्हीकडं शेवटचा शब्द जिचा तिला मिळाला, आणि दोन्हीकडं ती एकटी नव्हती. एकीच्या मागं जिल्हा परिषद होती, दुसरीच्या मागं तिच्याच गल्लीतल्या बायका. ज्या बिचारीच्या मागं यातलं काहीच नाही, तिला नुसतं मन शांत ठेवायला सांगणं हा कठोरपणा आहे. अशा मुलीच्या हातून स्वतःचा स्वीकार व्हावा असं खरंच वाटत असेल, तर तिच्या घरानं, तिच्या शाळेनं, तिच्या ग्रामपंचायतीनं काय करायचं ते आधी ठरवायला हवं.

त्यातलं बरंचसं करण्यासारखं आहे. अंगणवाडीत नाव घालताना किंवा पहिलीच्या प्रवेशाला नकुशी, नकुसा, नकोशी असं नाव पुढं आलं, तर शिक्षकानं ते मुकाट्यानं लिहून घेऊ नये. आईबापांशी बसून बोलावं आणि त्याच दिवशी दुसरं नाव सुचवावं. हे एका कपभर चहाचं काम आहे. जी मोठी झाली आहे तिला तिच्या सोयीनं, एकाच ठिकाणी, एकच अर्ज भरून, फुकटात सगळ्या कागदांवर नाव बदलून मिळावं. तिला बदलायचं नसेल तर त्यावरून तिला प्रश्न विचारू नयेत. 2011 चा कार्यक्रम एका दिवसाचा होता. हे काम कायमचं चालू राहायला हवं, आणि सांगलीसह ज्या ज्या जिल्ह्यांत अशी नावं आहेत तिथं ते सुरू व्हायला हवं.

आता घाई करण्याचं एक नवं कारणही आहे. राज्य मंत्रिमंडळानं मार्च 2024 मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर नव्या क्रमानं लागतं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. निर्णय चांगला आहे, उशिरा झालेला आहे. 2011 मध्ये पहिली-दुसरीत असलेल्या मुली आज विशीत आहेत, पंधरा वर्षांच्या होत्या त्या तिशीला आल्यात. त्यांच्या कडेवर लेकरं आहेत, काहींची यायची आहेत. त्या दिवशी साताऱ्याला ज्यांना पोचता आलं नाही, ज्यांचं नाव कुठल्या यादीत चढलंच नाही, त्यांच्या बाळाच्या नावात आता आईचं नाव म्हणून ‘नकुशी’ लिहिलं जाईल. शाळेच्या पटावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर, लग्नपत्रिकेच्या आधीच्या प्रत्येक दाखल्यावर.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. तोवर बाळंतिणीला उठून कचेऱ्या हिंडता येत नाहीत, म्हणून हा प्रश्न त्याआधीच सुटायला हवा. गावात कुणाला दिवस गेले की सर्वांत आधी कळतं ते आशाताईंना. उपकेंद्रात गरोदरपणाची नोंद होते, माता-बाल संरक्षण कार्ड भरलं जातं, वजन बघतात, रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात. त्याच वेळी, कार्डावरच्या नावाच्या रकान्याशी पेन थांबवून आशाताईनं विचारावं, ‘ताई, तुझं नाव काय लिहू?’ सासूला जरा बाहेर बसवावं, आणि ताई विचार करून सांगेपर्यंत थांबावं.